स्टॅटन आयलंड फेरी: न्यूयॉर्कमधली एकदम फुकट बोट

न्यूयॉर्कला जाताय आणि बजेट टाइट आहे तर ही फेरी अजिबात सोडू नका. मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला व्हाइटहॉल टर्मिनल आहे तिथून केशरी बोट सुटते, १९९७ पासून तिकीटच नाहीये, चोवीस तास चालू, साधारण २५ मिनिटांत पलीकडे स्टॅटन आयलंड बेटावरच्या सेंट जॉर्ज टर्मिनलला. जाताना उजवी बाजू पकडा, स्टॅच्यू ऑफ लिबर्टी तिकडूनच दिसतो. बोट तिथे थांबत नाही हां, पायथ्याशी जायचंच असेल तर वेगळी पैसेवाली बोट घ्यावी लागते, पण नुसतं बघायला आणि फोटोला ही मस्त पुरते. सकाळ-संध्याकाळ ऑफिसवाल्यांची गर्दी असते, पण मला तर तेच जाम आवडलं, कोणी वाचतंय, कोणी डुलक्या काढतंय, खरं शहर असं बघायला मिळतं ना! परतीला मॅनहॅटनच्या इमारती अगदी समोर येतात, त्यामुळे संध्याकाळी उजेड असतानाच निघा. टर्मिनलबाहेर कोणी तिकीट विकायला आलं तर सरळ पुढे चला. आणि पलीकडे सगळ्यांना उतरावंच लागतं, परत रांगेतून चढायचं, गर्दीची वेळ नसेल तर बोट अर्ध्या तासाने असते.