थरांची बीअर घरी: लेयरिंगचा चमचा बरेच महिने वापरल्यावर

वर काळी बीअर म्हणजे स्टाउट, खाली सोनेरी बीअर म्हणजे पेल एल आणि मधे स्वच्छ रेघ, असा ग्लास घरी जमवायचा म्हणून लेयरिंगचा चमचा घेतला त्याला आता बरेच महिने झालेत, अधूनमधून सुट्टीच्या दिवशी काहीतरी ओतून बघतच असतो, तर आता लिहायला हरकत नाही. आधीच सांगतो, चमचा बरा आहे पण थर चमच्यामुळे बसत नाहीत. दोन बीअरची जोडी बरोबर असेल तर घरातल्या साध्या मोठ्या चमच्याच्या पाठीवरूनही बसतात, आणि जोडीच चुकली तर कितीही भारी चमचा आणा, ग्लासात सगळं एकजीव तपकिरी होणार.

चमच्याचं पटकन उरकतो. स्टीलचा आहे, दांड्याला मधे वाक दिलाय, त्या वाकात ग्लासचा काठ अडकतो आणि चमचा पालथा, फुगीर बाजू वर अशा स्थितीत ग्लासच्या आत लटकून राहतो. म्हणजे एक हात मोकळा, त्या हाताने ग्लास धरा नाहीतर फोटो काढा. हा एवढाच खरा फायदा. वाक एकाच जागी असल्याने उंच ग्लासात चमचा फार वर राहतो आणि बीअर उंचावरून आपटते, बुटक्यात तो खालच्या थरात बुडतो. सरळसोट पाइंट ग्लासला मस्त बसतो, जाड काठाच्या मगला अडकतच नाही. स्टेनलेस लिहिलंय खरं पण वाकाच्या आतल्या बाजूला गंजाचे बारीक ठिपके आलेत, आता हाताने धुवून लगेच पुसतो.

आता मुद्द्याचं. काळी बीअर म्हणजे जड, हे डोक्यातून काढून टाका. गिनेस ड्राफ्ट ही स्टाउट ४.२ टक्के अल्कोहोलची आहे आणि ३५५ मिलीमधे साधारण १२५ कॅलरी, फिकट बडवायझरमधे तेवढ्यातच १४५ च्या आसपास. काळा रंग भाजलेल्या बार्लीचा, त्याचा वजनाशी काही संबंध नाही. बीअर जड होते ती आंबवल्यावरही मागे उरलेल्या साखरेमुळे, आणि हलकी होते अल्कोहोलमुळे कारण अल्कोहोल पाण्यापेक्षा बरंच हलकं असतं. म्हणून बास या पेल एलवर किंवा हार्प या लागरवर (लागर म्हणजे फिकट सोनेरी बीअरचा एक प्रकार) गिनेस तरंगते. पण हे तेल-पाण्यासारखं नाहीये बरं का, दोन्ही मुळात पाणीच, एकदा ढवळलं की कायमचं मिसळलं. सगळा खेळ घनतेच्या तिसऱ्या दशांश स्थळावरच्या फरकावर चालतो म्हणून ओतताना धक्का बसता कामा नये.

मी शेवटी हायड्रोमीटर, म्हणजे द्रवात तरंगून घनता दाखवणारी काचेची नळी, घेतला आणि खरं सांगू, चमच्यापेक्षा त्याचाच उपयोग जास्त झाला. बीअर दोन ग्लासांत पुन्हापुन्हा उलटसुलट ओतून आधी गॅस पूर्ण घालवायचा, नाहीतर बुडबुडे चिकटून हायड्रोमीटर वर ढकलला जातो आणि आकडा खोटा येतो. मग नमुना २० अंशाला येऊ द्यायचा (बहुतेक हायड्रोमीटरवर तेच तापमान छापलेलं असतं, आपल्यावर काय आहे ते बघा) आणि वाचायचं. ज्याचा आकडा मोठा तो खाली.

घनतेइतकाच त्रास गॅस देतो हे मात्र कुणी सांगत नाही. बाटलीतल्या साध्या स्टाउटमधे कार्बन डायऑक्साइड भरपूर, तिचे बुडबुडे रेघेपाशीच धिंगाणा घालतात. विजेटवाल्या कॅनमधे (विजेट म्हणजे उघडताच गॅस सोडणारा आतला छोटा गोळा) नायट्रोजन असतो, तो पाण्यात फारसा विरघळत नाही त्यामुळे बुडबुडे बारीक आणि वरचा थर लवकर शांत होतो. फक्त कॅन नीट गार करा, कोमट कॅन उघडला की ओट्यावर फेसच फेस. थंडपणाने घनतेत पडणारा फरक तसा किरकोळ असतो, खरा फायदा फेस आवरण्यात आहे.

माझी पद्धत आता ठरलीये. ग्लास साबणाचा अंशही न ठेवता धुतलेला, कारण तेलकटपणा किंवा साबण राहिला तर फेस बसून जातो आणि आपल्याला तर फेस हवाच आहे. पेल एल आधी तिरक्या ग्लासात, मग ग्लास सरळ करून शेवटची धार जरा जोरात, म्हणजे वर दोन बोटं जाड फेस येतो. हा फेस म्हणजे गादी, स्टाउट तिच्यावर पडते आणि तिचा जोर तिथेच मरतो. स्टाउट थेट कॅनमधून ओतत नाही, कॅनची धार गचके देते, आधी चोचीच्या जगमधे काढून थोडी शांत होऊ देतो. मग पालथ्या चमच्याच्या बरोबर मधोमध अगदी बारीक धार. ती चमच्यावर पसरते, कडेने खाली उतरते, सुरुवातीला सगळं गढूळ दिसतं आणि वाटतं की गेलं, पण हात थांबवू नका, मिनिटभरात तपकिरी ढग वर चढतो आणि खालून सोनेरी रंग स्वच्छ होत येतो. हे बघायला मला अजूनही मजा येते, लपवण्यात अर्थ नाही.

जोड्यांचं बोलायचं तर गोड सायडरवर (सफरचंदाच्या रसाची आंबवलेली दारू) नायट्रो, म्हणजे नायट्रोजनवाली स्टाउट सगळ्यात सोपी, साखर भरपूर असल्याने रेघ बराच वेळ टिकते. कोरडी, म्हणजे गोडवा न उरलेली सायडर घेऊ नका, ती फारच हलकी असते. गोड रास्पबेरी लँबिकवर (लँबिक ही बेल्जियमची बीअर) स्टाउट तर दिसायलाही झकास, लाल आणि काळा, आणि चवीला चॉकलेटच्या जवळ जाते. उलट डुव्हेल ही बेल्जियन बीअर ८.५ टक्क्यांची म्हणून दणकट वाटते, पण ती करताना घातलेली साखर पूर्ण आंबून जाते त्यामुळे अंगाने हलकी, वर गॅस प्रचंड, तिच्यावर काही ठरतच नाही. इम्पीरियल, म्हणजे जास्त कडक स्टाउट मात्र खरोखर जड, आणि मिल्क स्टाउटमधली लॅक्टोज (दुधातली साखर) यीस्ट खातच नाही म्हणून तीही तळाशी बसते. यांच्यावर हलकी लागर सोडली की काळं खाली आणि पिवळं वर, नेहमीच्या चित्राच्या बरोबर उलटं, पाहुणे आधी ग्लासच न्याहाळत बसतात.

एक आपलं जाता जाता, या प्रकाराला ब्लॅक अँड टॅन म्हणतात पण आयर्लंडमधे त्या नावाने मागू नका. १९२० मधे ब्रिटिशांनी तिथे पाठवलेल्या बदनाम पोलीस शिपायांचं ते नाव आहे. हाफ अँड हाफ म्हणा.

चवीचं काय? पहिले घोट जवळपास नुसती स्टाउट, मग कधीतरी रेघ ओलांडते आणि मिश्रण लागतं, शेवटी तळाची एल. सायडरवाल्या ग्लासात हा बदल मस्त कळतो, पेल एलवाल्यात प्रामाणिकपणे सांगायचं तर दोन्ही वेगवेगळ्या प्यायलेल्या बऱ्या.

तीन थरांचं अजून चालू आहे. तळाला लँबिक, मधे लागर, वर स्टाउट. मधल्या लागरचा गॅस वर येताना स्टाउटची रेघ फोडतो. लागर आधी जगमधे उघडी ठेवून थोडा गॅस जाऊ दिला तर रेघ टिकते, पण मग ती लागर पिताना अगदी मचूळ लागते, त्यामुळे सध्या तीन थर फक्त फोटोपुरते.