खड्यांच्या थराऐवजी डेब्रिज निघाले

आमच्याकडे एक बॉल पायथन आहे. हा पश्चिम व मध्य आफ्रिकेतला साप असून केंद्र सरकारच्या 2020 च्या स्वेच्छा-नोंदणी योजनेत मी त्याची नोंद केलेली आहे. कागद अंथरलेल्या पेटीऐवजी त्याला माती, पालापाचोळा आणि जिवंत झाडे असलेले घर मिळावे, म्हणून मे महिन्यात मी मुंबईच्या उपनगरातील एका कारागिराला चार फुटी काचपेटीसाठी 38,000 रुपये दिले. तळाशी जादा पाणी साचण्यासाठी भाजलेल्या मातीच्या हलक्या खड्यांचा थर, त्यावर जाळी, वर कोकोपीट, माती व वाळूचे मिश्रण, त्यात विष्ठा आणि बुरशी खाणारे आयसोपॉड व स्प्रिंगटेल हे बारीक जीव, शिवाय ऊब देणाऱ्या हीट मॅटला तापमान ठरावीक ठेवणारा थर्मोस्टॅट, असे आमचे ठरले होते. पहिल्याच भेटीत त्याने मांडूळही मिळवून देण्याची तयारी दाखवली. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार मांडूळ पाळणे हा गुन्हा आहे, म्हणून मी नकार दिला. मात्र त्याच क्षणी व्यवहार थांबवायला हवा होता, तो मी थांबवला नाही.

जूनअखेर आलेली पेटी देखणी होती. दहा दिवसांत तिला आंबूस वास येऊ लागला. माती उकरली, तेव्हा इंचभर कोकोपीटखाली बांधकामाचे डेब्रिज निघाले, जाळीचा पत्ताच नव्हता आणि मातीत रासायनिक खताचे दाणे होते. त्याहून गंभीर प्रकार थर्मोस्टॅटचा होता: डबीवर आकडे दिसत होते, पण मॅटची वायर डबीतून न जाता थेट प्लगला जोडलेली होती. उबदार कोपऱ्यात 32 अंशांच्या आसपास तापमान हवे असताना मॅटवर 46 अंश भरले. पोटाखालची धग असह्य झाली तरी साप वेळीच बाजूला होईल याचा भरवसा नसतो. आमच्या सापाच्या पोटावरचे खवले भाजले आणि पशुवैद्यकांकडे महिनाभर उपचार करावे लागले.

कारागीर आता फोन उचलत नाही. पैसे यूपीआयने दिले, बिल मागितले नाही. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली आहे, परंतु पेटीत काय काय असेल हे लेखी नसल्यामुळे माझी बाजू लंगडी पडते. म्हणून प्रत्येक वस्तू बिलात लिहून घ्यावी, थर आपल्या डोळ्यांदेखत भरून घ्यावेत आणि उरलेली रक्कम देण्यापूर्वी थर्मोस्टॅटचा सेन्सर ठरवलेल्या तापमानाहून गरम पाण्यात बुडवून मॅटचा वीजपुरवठा खरोखर बंद होतो का, हे पाहावे.

साप सध्या पुन्हा कागदावरच आहे. दोनदा कात टाकल्यानंतर पोटावरचे डाग फिके झाले आहेत.