गळकी गच्ची: कोबा की कोटिंग?

मावसभाऊ विचारतोय, गच्ची गळतेय, कोबा (विटांचे तुकडे नि सिमेंटचा जाड थर) करू की कोटिंग (पाणी अडवणारा, रंगासारखा लेप)? अरे, आधी पाइपाचं तोंड बुजवून गच्चीत दोन इंच पाणी 48 तास साठव. खाली ओल आली नाही, तर दोष भिंतीचा किंवा नळाचा.

विटांच्या तुकड्यांचा कोबा महाग, पण उतार नीट दिला तर 15-20 वर्षं टिकतो. गोम वजनात आहे: साडेचार इंची कोबा चौरस फुटाला साधारण 20 किलो. जुन्या कोब्यावर नवा तर मुळीच नको.

कोटिंग स्वस्त, दोन-तीन दिवसांचं काम. डब्यावर काहीही छापलेलं असो, उन्हात चार-पाच वर्षांत परत लावावं लागतं.

उतार बिघडलाय, स्लॅब धडधाकट आहे: कोबा. नुसत्या केसाएवढ्या भेगा: कोटिंग. गंजक्या सळया दिसतायत? मग दोन्ही थांबव, आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखव.