फी म्हणून भरली, ती कर्ज निघाली: एचआरसाठीच्या इटालियन कोर्सचा अनुभव

पुण्यात शेअर्ड सर्व्हिसेस, पेरोल किंवा एचआर ऑपरेशन्समध्ये असाल, तर ‘एचआर प्रोफेशनल्ससाठी इटालियन’ अशा जाहिराती तुमच्याही मोबाइलवर आल्या असतील. अशाच एका कोर्समध्ये माझे पैसे गेले. कोर्स विकणाऱ्यांचं नाव इथे लिहीत नाही, कारण तक्रार ग्राहक आयोगापुढे आहे. शिवाय ही मंडळी नाव बदलून पुन्हा दुकान मांडतात, त्यामुळे त्यांची पद्धत ओळखता येणं जास्त कामाचं.

पुण्यात इटालियनला गिऱ्हाईक कुठून येतं, असं कुणी विचारेल. रांजणगावला फियाट, बारामतीला पियाजिओ आणि फेरेरो, चाकणला ब्रेंबो. एवढी इटालियन नावं तर नुसत्या आपल्या पट्ट्यात आहेत. त्यापलीकडे खराडी-हिंजवडीत बसून युरोपातल्या कर्मचाऱ्यांचे पगार, रजा, राजीनामे सांभाळणाऱ्या टीम आहेत. माझी टीम त्यातलीच. जर्मन, फ्रेंच शिकायला पुण्यात पिढ्यान्‌पिढ्या सोय आहे. इटालियनचे क्लास मोजके, आणि तिथे शिकवतात ते कॉफी मागवणं, स्टेशनचा रस्ता विचारणं. मिलानच्या कर्मचाऱ्याने सॅलरी स्लिपवरची एखादी ओळ दाखवून ‘हे काय कापलंय?’ असं विचारलं की ते इटालियन कामाला येत नाही. ही पोकळी जाहिरातवाल्यांनी बरोबर हेरली होती: ‘इंग्रजी ते इटालियन, एचआरचे २००० शब्द, सहा आठवडे, बी-टू सर्टिफिकेट.’ बी-टू ही भाषेची वरची मध्यम पातळी.

सुरुवात ९९ रुपयांच्या रविवारच्या वेबिनारने. त्यात एक खरोखरची इटालियन बाई दहा मिनिटं गोड बोलून गेली. पुढे कोर्सभर ती कधी दिसली नाही. मग पडद्यावर घड्याळ सुरू झालं: पंधरा मिनिटांत नाव नोंदवलं तर निम्मी फी, जागा थोड्याच. असलं घड्याळ खरं की खोटं, हे तपासायला मिनिटसुद्धा लागत नाही. तेच पान ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत उघडायचं. आकडा पुन्हा पंधरावर गेला की समजायचं. केंद्र सरकारने २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ‘डार्क पॅटर्न’विरुद्ध, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या स्क्रीनवरच्या युक्त्यांविरुद्ध, मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात असे १३ प्रकार दिलेत, आणि खोटी घाई लावणं हा त्यातलाच एक.

संध्याकाळी ‘कौन्सिलर’चा फोन आला. आधी ‘मॅम, मॅम’ चाललं होतं. माझं आडनाव बघून तो मराठीवर आला आणि दोन वाक्यांत ‘ताई’वर. “ताई, ४८ हजार एकदम कशाला देताय? महिन्याला चार हजार द्या, व्याज शून्य. आवडलं नाही तर पुढच्या महिन्यापासून बंद.” मग पॅन, आधार, एक सेल्फी आणि ओटीपी. हे कशासाठी, असं मी स्पष्ट विचारलं. उत्तर आलं, “सीट व्हेरिफिकेशन, ताई. सगळ्यांचं करतो.”

खरी फसवणूक इथे झाली. बाकीचं सगळं तिच्याभोवतीची आरास. ते सीट व्हेरिफिकेशन नव्हतंच. एका एनबीएफसीकडून, म्हणजे बँक नसलेल्या कर्ज देणाऱ्या कंपनीकडून, माझ्या नावावर ४८ हजारांचं वैयक्तिक कर्ज मंजूर झालं, ती सगळी रक्कम त्याच आठवड्यात कोर्सवाल्यांच्या खात्यात गेली, आणि हप्त्यांसाठी माझ्या बँक खात्यावर ऑटो-डेबिटचा मँडेट, म्हणजे पैसे आपोआप कापून घ्यायची परवानगी, चढला. म्हणजे कोर्सवाल्यांना त्यांचे पैसे पहिल्या तासाआधीच पोचले होते. पुढे त्यांनी शिकवलं काय, नाही शिकवलं काय, त्यांचं काहीच अडत नव्हतं. अडत होतं माझं, कारण हप्ता चुकला तर डाग माझ्या क्रेडिट रिपोर्टवर. ‘पुढच्या महिन्यापासून बंद’ असं काही नसतंच. कोर्स बंद केला तरी कर्ज चालू राहतं.

रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाच्या नियमांनुसार कर्ज देताना ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ नावाचं एक सोपं पत्रक द्यावं लागतं: रक्कम, वार्षिक दर, सगळे आकार, तक्रार कुणाकडे करायची. कर्ज नको असेल तर सुरुवातीच्या थोड्या मुदतीत दंड न भरता बाहेर पडता येतं, हेही त्यात असतं. माझं पत्रक मेलच्या प्रमोशन्स टॅबमध्ये पडलं होतं, विषय ‘तुमच्या शिकण्याच्या प्रवासात स्वागत’. ते हाती लागलं तोवर मुदत संपलेली. ‘शून्य व्याजा’चा उलगडाही त्यातच झाला. व्याज होतं, ते कोर्सवाले एनबीएफसीला भरत होते, आणि फीचा आकडा त्या हिशोबाने आधीच फुगवलेला होता.

आता माल काय मिळाला ते सांगते.

दोन हजार शब्द खरोखर होते, एक्सेलमध्ये. इंग्रजी शब्दांची यादी भाषांतर करणाऱ्या मशीनला घालून, येईल ते इटालियन शेजारच्या रकान्यात चिकटवलेलं. सुटा शब्द मशीनला दिला की त्याला संदर्भ नसतो. ‘लीव्ह’ला तिथे ‘लाशारे’ होतं, म्हणजे सोडणे. रजेला इटालियनमध्ये ‘फेरिये’ म्हणतात, आणि कारणापरत्वे ‘पेर्मेस्सी’ किंवा ‘कोन्जेदो’. ‘अप्रेझल’ला ‘पेरित्सिया’, म्हणजे घर-दागिन्यांचं मूल्यमापन करतात तसला तज्ज्ञाचा अहवाल. ‘रिलीव्हिंग लेटर’ला ‘लेत्तेरा दि सोल्लिएव्हो’. वाचणाऱ्या इटालियन माणसाला ते सांत्वनाचं पत्र वाटेल. असा कागद तिकडे मागतच नाहीत, ही आपल्याकडची रीत. आणि ‘ग्रॅच्युइटी’ला काय असावं? ‘मान्चा’. हॉटेलात वेटरला ठेवतो ती टीप.

ग्रॅच्युइटीच्या जवळ जाणारी तिकडची गोष्ट म्हणजे टीएफआर, ‘त्रात्तामेन्तो दि फीने रापोर्तो’. आपल्याकडे वर्षामागे १५ दिवसांचा पगार असा हिशोब. तिकडे वर्षाच्या पगाराला १३.५ ने भागून येणारी रक्कम दरवर्षी बाजूला पडते आणि साठलेल्यावर ठरावीक १.५ टक्का अधिक महागाईच्या तीन चतुर्थांश इतकी वाढ मिळते. नोकरी कशीही संपो, राजीनामा दिला तरी, ती रक्कम कर्मचाऱ्याची. रोज येणाऱ्या प्रश्नांतला निम्मा भाग टीएफआर आणि ‘त्रेदिचेझिमा’ म्हणजे डिसेंबरातला तेरावा पगार यांच्यावरचा. दोन हजार शब्दांत हे दोन्ही नव्हते, कारण यादी मुळात इंग्रजीतून निघालेली. इंग्रजीत जी गोष्टच नाही ती तिथे यायची कुठून?

सगळ्यांत वाईट होतं ‘प्रोबेशन’. यादीत ‘लिबेर्ता विजिलाता’. नव्या माणसाला पाठवायच्या पत्राचा मसुदा मी तपासायला तुरिनला दिला होता. तिकडे पेरोल बघणाऱ्या बाईंचा लगेच फोन आला. त्यांना हसू आवरत नव्हतं. लिबेर्ता विजिलाता हा इटलीच्या दंडसंहितेतला शब्द. न्यायालय एखाद्यावर नजर ठेवायचा आदेश देतं तो. नोकरीतल्या उमेदवारीच्या काळाला ‘पेरिओदो दि प्रोव्हा’ म्हणतात, आणि तो जास्तीत जास्त सहा महिन्यांचा असू शकतो. पत्र गेलं असतं तर त्या मुलाने रुजू होण्याआधीच वकील गाठला असता.

राजीनाम्याचा नमुनाही दिला होता: ‘हे पत्र कर्मचाऱ्याकडून मेलवर मागवा.’ इटलीत २०१६ च्या मार्चपासून बहुतेक खासगी नोकऱ्यांत राजीनामा, म्हणजे ‘दिमिस्सिओनी’, कामगार मंत्रालयाच्या ऑनलाइन पद्धतीनेच द्यावा लागतो, आणि दिल्यावर सात दिवसांत मागे घेता येतो. नुसत्या मेलला अर्थ नाही. हे ज्याला ठाऊक नाही तो एचआरवाल्यांना शिकवायला कसा बसतो?

उच्चारांची वेगळीच तऱ्हा. रेकॉर्ड केलेल्या तासांत एक मुलगा इंग्रजी वाचावं तसं इटालियन वाचत होता. पगारपत्रक म्हणजे ‘चेदोलीनो’, तो म्हणायचा ‘सेडोलिनो’. इटालियनमध्ये ई किंवा आय पुढे असेल तर सी चा ‘च’ होतो, मध्ये एच आला की ‘क’. त्यामुळे सी-एच-ई हे ‘चे’ नसून ‘के’. आणि त्यांचे त-द आपल्या त-द सारखेच दंत्य. देवनागरीत लिहून घेतलं तर मराठी माणसाला हे उच्चार इंग्रजांपेक्षा सोपे जातात. तरीही आम्ही ‘ट’ आणि ‘ड’ घोकत होतो.

सर्टिफिकेटवर ‘बी-टू, युरोपास मान्यताप्राप्त’ असं छापलेलं. युरोपास ही युरोपीय संघाची फुकट सेवा आहे. तिथे कुणीही आपला सीव्ही बनवू शकतो आणि आपली भाषेची पातळी आपणच टिकमार्क करू शकतो. ती कोर्सना असली मान्यता देत नाही. ए-वन ते सी-टू ही नुसती मोजपट्टी, युरोप परिषदेने २००१ मध्ये मांडलेली. इटालियनची मानली जाणारी प्रमाणपत्रं चार: सिएनाच्या विद्यापीठाचं चिल्स, पेरूजाचं चेली, दान्ते अलिगिएरी सोसायटीचं प्लिदा आणि रोमा त्रे विद्यापीठाचं. चारही परीक्षा देऊनच मिळतात. कोर्स संपला म्हणून पीडीएफ येते ती यातली कुठलीच नव्हे. इटलीत लग्नामुळे किंवा वास्तव्यामुळे नागरिकत्व मागणाऱ्यांना २०१८ पासून बी-वन लागतं. सहा आठवड्यांत त्याच्याही वरचं बी-टू हातात ठेवणारा माणूस काय विकतोय ते यावरून कळावं.

भाषेच्या कोर्सची पंचाईत अशी की भाषा येत नाही म्हणूनच आपण तो घेतो, त्यामुळे माल खोटा असला तरी आपल्याला दिसत नाही. आंबेवाला निदान एक फोड चाखायला देतो. म्हणून पैसे देण्याआधी त्यांच्या शब्दसंग्रहाचं एक पान मागा आणि त्यात चार गोष्टी शोधा: टीएफआर, त्रेदिचेझिमा, सीसीएनएल म्हणजे त्या-त्या उद्योगाचा राष्ट्रीय सामूहिक करार, आणि ‘क्वाद्रो’. क्वाद्रो म्हणजे एरवी चित्र, पण इटालियन नागरी संहितेत कर्मचाऱ्यांचे चार वर्ग आहेत: दिरिजेन्ते, क्वाद्रो, इम्पिएगातो, ओपेरायो. त्यातला क्वाद्रो हा अधिकारी वर्ग, १९८५ च्या कायद्याने आलेला. ज्या यादीत त्याच्यासमोर फक्त ‘चित्र’ आहे, ती एचआरवाल्यांसाठी केलेलीच नाही.

आणि हे सगळं फुकट मिळतं, याचा मला जास्त राग येतो. युरोपीय संघाची ‘युर-लेक्स’ ही साइट संघाचा कुठलाही निर्देश, म्हणजे सदस्य देशांना बांधील कायदा, इंग्रजी आणि इटालियन शेजारी-शेजारी दाखवते. २०१९ चा ११५२ क्रमांकाचा निर्देश नोकरीच्या अटींबद्दलच आहे. करार, उमेदवारी, कामाचे तास, प्रशिक्षण, सगळे शब्द वाक्यात वापरलेले आणि तपासलेले. ‘इयाते’ हा संघाचा पारिभाषिक कोश खुला आहे. त्रेक्कानीचा इटालियन शब्दकोश ऑनलाइन आहे. सामूहिक करार ‘क्नेल’ या इटलीच्या सरकारी संस्थेच्या संग्रहात वाचता येतात. मी हल्ली ऑफिसातल्या खऱ्या चेदोलीनोवरची एकेक ओळ घेऊन या ठिकाणी शोधते. सावकाश होतं, पण होतं.

ज्यांचे हप्ते चालू आहेत त्यांच्यासाठी. नुसता मँडेट रद्द करून गप्प बसू नका. यूपीआयवरचा ऑटोपे ॲपमधून आपला आपण रद्द करता येतो, पण कर्ज तसंच राहतं आणि थकबाकी क्रेडिट रिपोर्टवर चढते. आधी एनबीएफसीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा: संमती कशी घेतली, काय सांगून ओटीपी घेतला, कोर्सने काय दिलं नाही. सोबत कॉलची वेळ, चॅट, जाहिरातीचे स्क्रीनशॉट. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, माहितीसाठी १४४४८. कोर्सवाल्यांविरुद्ध राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे मिटलं नाही तर जिल्हा आयोग, तोही ऑनलाइन. ओटीपी घेऊन तुमच्या न कळत पैसे गेले असतील तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०.

कोर्सवाल्यांचं उत्तर एकच होतं: दहा टक्क्यांहून जास्त व्हिडिओ पाहिले की परतावा नाही. त्यांच्या ॲपमध्ये एक व्हिडिओ संपला की पुढचा आपोआप सुरू होतो आणि तोही ‘पाहिला’ म्हणून मोजला जातो. ग्रुपमध्ये विचारलं तर ग्रुप ‘ओन्ली ॲडमिन’ केला. ताई म्हणणाऱ्याचा नंबर बंद.

लोकपालाकडे तक्रार गेल्यावर मात्र एनबीएफसी हलली. उरलेले हप्ते त्यांनी माफ केले आणि कर्ज बंद झाल्याचं पत्र दिलं. क्रेडिट रिपोर्टवर ते ‘सेटल्ड’, म्हणजे पूर्ण न फेडता तडजोडीने मिटवलेलं, दिसत होतं. तेवढ्यावर समाधान मानू नका, पुढचं कर्ज मागताना तो शब्द नडतो. मी दुरुस्तीची मागणी टाकली. क्रेडिट रिपोर्ट बनवणाऱ्या कंपनीने ती ३० दिवसांत मार्गी लावली नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०२४ पासून लागू आहे. आता तिथे ‘क्लोज्ड’ आलंय.

आधी भरलेले हप्ते अजून अडकलेत, त्यासाठीच आयोगात गेले. मध्यंतरी कोर्सवाल्यांच्या वकिलाचा निरोप आला: सगळे पैसे परत देतो, पण याबद्दल कुठेही लिहायचं नाही असं लिहून द्या. मी नाही म्हणून कळवलंय.