डेमियन माइयाची कारकीर्द क्रमाने पाहण्यासाठी यूएफसी फाइट पास: एक परीक्षण

यूएफसी फाइट पास ही मिश्र युद्धकलेच्या (ठोसे, लाथा आणि कुस्ती एकत्र असलेल्या) लढती भरवणाऱ्या यूएफसी या संस्थेची स्वतःची सशुल्क प्रक्षेपण सेवा 2013 च्या अखेरीस सुरू झाली. यूएफसीच्या जुन्या लढतींबरोबरच प्राइड, डब्ल्यूईसी आणि स्ट्राइकफोर्स यांसारख्या आता अस्तित्वात नसलेल्या संस्थांच्या लढतींचाही मोठा संग्रह तिच्यात आहे. या परीक्षणात मी तिचा एकच उपयोग तपासणार आहे. ब्राझिलियन जिउ-जित्सू, म्हणजे जमिनीवरच्या पकडींची युद्धकला, मनापासून शिकणाऱ्याला एका शिक्षकाची मिश्र युद्धकलेतील संपूर्ण वाटचाल लढतीमागून लढत अशी अभ्यासायची असेल, तर ही सेवा घ्यावी का, एवढाच माझा प्रश्न आहे. माझे उत्तर स्पष्ट होकारार्थी आहे, आणि त्याचे कारण साओ पाउलोचा डेमियन माइया हा आहे.

माइया मुळात जिउ-जित्सूचा माणूस आहे. फाबियो गुर्जेल यांच्या हाताखाली त्याने पाच वर्षांच्या आत काळा पट्टा मिळवला, 2007 मध्ये एडीसीसी या पकडीच्या कुस्तीतील सर्वांत मानाच्या स्पर्धेत आपल्या वजनगटाचे विजेतेपद जिंकले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये एकही लढत न हरता तो यूएफसीत दाखल झाला. तेथे त्याने 33 लढती दिल्या आणि त्यांपैकी 22 जिंकल्या. उरलेल्या 11 पराभवांत त्याला कोणीही पकडीत अडकवून हार मानायला लावू शकले नाही. नऊ वेळा पंचांचा निर्णय विरुद्ध गेला आणि दोनदा तो ठोशांनी पडला. शिक्षक म्हणून आणि लढवय्या म्हणून एकाच विद्येवर इतका विश्वास ठेवणारा दुसरा माणूस या खेळात मला दिसत नाही.

यूएफसीतील त्याच्या पहिल्या पाच लढती रायन जेन्सन, एड हर्मन, जेसन मॅकडोनाल्ड, नेट क्वारी आणि चेल सोनन यांच्याशी झाल्या आणि पाचही त्याने गळा आवळून संपवल्या. फेब्रुवारी 2009 मध्ये लंडनला झालेली सोननविरुद्धची लढत यांत सर्वांत शिकण्यासारखी आहे. सोनन हा कसलेला कुस्तीगीर होता आणि त्याला खाली पाडणे हेच मुळात अवघड मानले जाई. माइयाने त्याला उभ्याने मिठीत घेऊन फेकले, पडता पडताच छातीवर बैठक मारली आणि तेथूनच पायांचा त्रिकोण त्याच्या मानेभोवती आवळला. ठळक क्षणांच्या चित्रफितीत ही फेक आणि शेवटची शरणागती दिसते. त्यांच्या मध्ये काय घडले, म्हणजे सोनन निसटण्यासाठी कोणत्या बाजूला वळला आणि त्या वळण्याचाच उपयोग माइयाने पाय पुढे सरकवण्यासाठी कसा करून घेतला, हे समजायचे असेल तर लढत न कापता पाहावी लागते.

या सेवेचे खरे मोल मला येथेच दिसते. ठोसे मारणाऱ्या लढवय्याचे काम काही सेकंदांच्या तुकड्यांतही बऱ्यापैकी समजते, परंतु माइयाचे काम संथ असते आणि दोन प्रेक्षणीय क्षणांच्या मधल्या मिनिटांत घडते. डिसेंबर 2015 मध्ये लास व्हेगासला गुनार नेल्सनविरुद्ध झालेली लढत याचे उत्तम उदाहरण आहे. नेल्सन स्वतः जिउ-जित्सूचा काळा पट्टाधारी, जमिनीवर उतरायला न घाबरणारा. तरीही तिन्ही फेऱ्यांत माइयाने त्याला खाली नेले आणि वरून दाबून ठेवले. समोरच्याने कोपर आत घातले की वजन कोठे हलवायचे, तो कंबर उचलू लागला की गुडघा कोठे टेकवायचा, मोकळ्या हाताने ठोसे मारून त्याला पाठ द्यायला कसे भाग पाडायचे, हे सगळे त्या 15 मिनिटांत पुन्हा पुन्हा दिसते. पंचांच्या निर्णयावर संपलेली ही लढत कोणत्याही झटपट संकलनात फारशी जागा मिळवणार नाही. माझ्या दृष्टीने मात्र ती संग्रहातील सर्वांत मौल्यवान लढतींपैकी एक आहे.

2012 मध्ये 77 किलोच्या वजनगटात उतरल्यानंतरच्या लढती सलग पाहिल्या म्हणजे आणखी एक गोष्ट उलगडते. मधल्या काळात माइयाने ठोसेबाजीवर बरीच मेहनत घेतली होती आणि काही लढतींत तो बराच वेळ उभा राहूनच लढला. पुढे त्याने आपला खेळ जाणीवपूर्वक अरुंद केला. एकेरी पट काढायचा, म्हणजे समोरच्याचा एक पाय धरून त्याला पाडायचे. पट निसटत असेल तर स्वतः खाली बसून हाफ गार्डमध्ये, म्हणजे खालून समोरच्याचा एक पाय आपल्या पायांत अडकवलेल्या स्थितीत, जायचे आणि तेथून पुन्हा तोच पाय धरून वर यायचे. समोरचा उठू लागला की पाठीवर चढायचे, पायांनी कंबर जखडायची आणि गळा शोधायचा. डाव सगळ्यांना ठाऊक होता, तरी 2014 ते 2017 या काळात सलग सात जण त्याला रोखू शकले नाहीत. ऑगस्ट 2016 मध्ये व्हँकूव्हर येथे कार्लोस कॉन्डिटसारख्या माजी हंगामी विजेत्याला त्याने 1 मिनिट 52 सेकंदांत शरण आणले, आणि त्या लढतीत स्वतः जवळजवळ काहीच मार खाल्ला नाही. शिकवणारा माणूस वर्गात जे मूलभूत म्हणून सांगतो तेच त्याने सर्वोच्च पातळीवर करून दाखवावे, याचा मला मनापासून आदर वाटतो.

पराभवही संपूर्ण उपलब्ध असणे तितकेच महत्त्वाचे आहे. जुलै 2017 मध्ये अनाहाइमला टायरन वुडलीविरुद्धच्या विजेतेपदाच्या लढतीत पाचही फेऱ्यांत माइयाचा एकही पट लागला नाही. प्रेक्षकांना ती लढत कंटाळवाणी वाटली, हे मी समजू शकतो. विद्यार्थ्याने मात्र ती जरूर पाहावी, कारण पकडीचे सारे ज्ञान समोरच्याला जमिनीवर आणण्याच्या कुवतीवर कसे अवलंबून असते, हे इतके स्वच्छ अन्यत्र क्वचितच दिसते. पुढे कोल्बी कोव्हिंग्टन आणि कमारू उस्मान या आणखी दोन कुस्तीगिरांनी त्याला निर्णयावर हरवले. त्यानंतर लगेच ऑक्टोबर 2019 मधील सिंगापूरची बेन अ‍ॅस्क्रेनविरुद्धची लढत पाहावी. अ‍ॅस्क्रेन हाही मिझुरी विद्यापीठातून आलेला, वुडलीच्याच तालमीतला कुस्तीगीर, पण तो माइयाला स्वतःहून जमिनीवर नेत राहिला. तिसऱ्या फेरीत माइयाने त्याला उलटवले, पाठ घेतली आणि गळा आवळला. वुडली आणि अ‍ॅस्क्रेन यांच्या लढती एकापाठोपाठ पाहिल्यावर जे लक्षात येते ते शब्दांत समजावून सांगायला कोणत्याही शिक्षकाला बराच वेळ लागेल.

सेवेच्या मर्यादाही सांगायला हव्यात. हा प्रक्षेपणांचा संग्रह आहे, पाठ्यक्रम नव्हे. कोणती लढत आधी पाहावी आणि तिच्यात काय शोधावे, हे कोणी सांगत नाही. समालोचन सर्वसाधारण प्रेक्षकासाठी असल्यामुळे हाताची पकड बदलण्यासारख्या बारीक गोष्टींचा उल्लेख बरेचदा राहून जातो, आणि कॅमेरा पिंजऱ्याच्या ज्या बाजूला असतो त्या बाजूचेच पाय दिसतात. जिउ-जित्सूची अगदी प्राथमिक ओळखही नसलेल्याला यातून फारसे काही शिकता येणार नाही. किमान हाफ गार्ड, माउंट (छातीवरची बैठक) आणि पाठीवरचा ताबा या स्थिती चटईवर अनुभवलेल्या असाव्यात, असे मला वाटते.

पैसे घालण्याआधी आपण हे कशासाठी घेत आहोत, हे ठरवणे आवश्यक आहे. केवळ बाद होण्याचे क्षण पाहायचे असतील तर ते अन्यत्र फुकटही मिळतात. ज्यांना अभ्यास करायचा आहे त्यांनी एका महिन्याची वर्गणी भरून सोनन, नेल्सन, कॉन्डिट, वुडली आणि अ‍ॅस्क्रेन यांच्याविरुद्धच्या पाच लढती याच क्रमाने पाहाव्यात, प्रत्येक लढत पहिल्यांदा समालोचनासह आणि दुसऱ्यांदा आवाज बंद करून. दुसऱ्या वेळी नजर फक्त माइयाच्या कमरेवर आणि गुडघ्यांवर ठेवावी. या पाच लढतींनंतरही पुढचे पाहण्याची ओढ वाटली तर वार्षिक वर्गणीचा विचार करावा.