हँडहेल्ड जीपीएस, आठ महिन्यांनंतर : यंत्र ठीक, घोळ सेटिंगमध्ये

पेरणीपासून तूर निघेपर्यंत वापर झाला. धुऱ्याचे कोपरे, विहिरी, शेततळी, पांदण रस्ते, सगळं नोंदवून झालं. मोकळ्या आभाळाखाली ३ ते ५ मीटरची अचूकता मिळते. सागाच्या किंवा आंब्याच्या गर्द सावलीत ती १० मीटरवरही जाते. कोपऱ्यावर दोन-तीन मिनिटं थांबून सरासरी घेतली तर आकडा बराच स्थिरावतो. तरी एकरभर वावरात दीड-दोन गुंठ्यांचा फरक धरूनच चालावं. धुऱ्याच्या भांडणात हे यंत्र कामाचं नाही, तिथं सरकारी मोजणीच लागते.

पण मोठ्या चुका सिग्नलमुळे होत नाहीत. त्या निर्देशांकांच्या, म्हणजे जागा सांगणाऱ्या अक्षांश-रेखांशांसारख्या आकड्यांच्या, पद्धतीमुळे होतात.

सगळ्यात जास्त फसवतं ते अंश-मिनिटांचं रूप. यंत्रात मुळात अंश आणि दशांश मिनिटं असतात, फोनवरच्या नकाशाला दशांश अंश लागतात. पडद्यावर २०°२३.५००' दिसतं आणि वहीत घाईनं २०.२३५ उतरतं. खरा आकडा २०.३९१६७ आहे (२३.५ भागिले ६०). म्हणजे बिंदू सतरा किलोमीटर दक्षिणेला सरकला! पहिल्याच दिवशी सेटिंग दशांश अंशावर टाका आणि पाच दशांश स्थळं लिहा. पाचवं स्थळ म्हणजे साधारण एक मीटर, त्यापुढचे आकडे या यंत्रासाठी नुसती शोभा. केएमएल फाइल (नकाशावर बिंदू दाखवणारी फाइल) हातानं लिहिणार असाल तर तिथं रेखांश आधी येतो. उलटं लिहिलं की यवतमाळचं वावर आर्क्टिकमधल्या स्वालबार्डला जाऊन पडतं. ही चूक निदान लगेच दिसते, अंश-मिनिटांची दिसत नाही.

मीटरमध्ये काम करायचं तर यूटीएम सोयीचं, म्हणजे पृथ्वीचे उभे पट्टे (झोन) पाडून जागा मीटरमध्ये सांगणारी पद्धत. पण आपल्या भागात त्याची मेख आहे. ४३ आणि ४४ या झोनची सीमा ७८° पूर्व रेखांशावर आहे आणि ती रेषा यवतमाळ जिल्ह्यातूनच जाते. दारव्हा, पुसद आणि अमरावती शहर ४३ मध्ये. यवतमाळ, वर्धा, वरूड, नागपूर ४४ मध्ये. सीमेवर ४३ मध्ये ईस्टिंग (पूर्वेकडचं अंतर, मीटरमध्ये) सुमारे ८,१३,९०० येतं, एक पाऊल पूर्वेला टाकलं की १,८६,१००. यंत्र झोन आपोआप बदलतं आणि वावर रेषेवर असेल तर अर्धे कोपरे एका झोनमध्ये, अर्धे दुसऱ्यात. असे बिंदू क्यूजीआयएस या संगणकावरच्या नकाशा सॉफ्टवेअरमध्ये टाकताना सगळे एकाच झोनमध्ये बदलून घ्या (तिथला पद्धतीचा क्रमांक ईपीएसजी ३२६४३ किंवा ३२६४४). यंत्रावर ‘४४ क्यू’ दिसतं, त्यातला क्यू हा १६° ते २४° उत्तर अक्षांशाचा पट्टा आहे, एवढंच. सीमेपाशी यूटीएममधलं अंतर १०० मीटरमागे ८ सेंटीमीटर जास्त दिसतं. हेक्टरमागे साधारण १६ चौरस मीटर. एवढं चालून जातं.

चालत नाही ते वेब मर्केटर, म्हणजे ऑनलाइन नकाशांची पद्धत, ईपीएसजी ३८५७. मागे उपग्रहाचं चित्र लावलं की प्रोजेक्ट बहुधा त्याच पद्धतीत जातो. त्या पद्धतीतल्या थरावर (लेयरवर) area($geometry) हे सूत्र चालवलं तर आपल्या अक्षांशावर क्षेत्र सुमारे १४ टक्के फुगतं, पाच एकराचं पाच एकर अठ्ठावीस गुंठे होतं. बियाणं-खताचा हिशेब इथंच बिघडतो. त्याऐवजी $area वापरा आणि प्रोजेक्टच्या गुणधर्मात एलिप्सॉइड (पृथ्वीच्या चपट्या गोलाचं गणिती रूप) डब्ल्यूजीएस ८४ आहे याची खात्री करा.

जुन्या टोपोशीटवरून (सर्वे ऑफ इंडियाच्या नकाशावरून) नाला किंवा विहीर शोधणाऱ्यांसाठी : ती शीट एव्हरेस्ट एलिप्सॉइडवर आहेत, जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ वर. शीटवरचे अक्षांश-रेखांश तसेच टाकले तर विदर्भात शंभर मीटरहून जास्त चुकतं. यंत्रातलं डेटम (कोणता एलिप्सॉइड धरून मोजायचं ते) तेवढ्यापुरतं बदलता येतं, पण परत डब्ल्यूजीएस ८४ करायला विसरलात तर पुढच्या सगळ्या नोंदी सरकतात, आणि पडद्यावर काहीच वावगं दिसत नाही. त्यापेक्षा २००५ च्या नकाशा धोरणानंतरची ओपन सिरीज शीट घ्या, ती डब्ल्यूजीएस ८४ वरच आहेत.

उंचीचा आकडा शेततळ्याच्या उतारासाठी वापरू नका. काही ॲप एलिप्सॉइडपासूनची उंची दाखवतात, ती समुद्रसपाटीच्या उंचीपेक्षा इथं पन्नासहून अधिक मीटरनं कमी भरते. शिवाय यंत्राची स्वतःची चूक आहेच. उताराला पाण्याची नळी बरी.