फुल कॉपर म्हणून हिंडालियम गळ्यात मारलं (वॉटर कूलिंग करणाऱ्यांनी वाचा)

तासगावच्या एका पोरानं परवा मला कॉम्प्युटरच्या वॉटर कूलिंगचं एक कोटेशन पाठवलं आणि विचारलं, दादा तुमच्याकडं पण असलंच काम झालंय ना, कसं चाललंय? कोटेशन उघडलं आणि पोटात गोळाच आला. अक्षर न् अक्षर तेच, "फुल कॉपर रॅडिएटर, जर्मन कूलंट, मे महिन्यात लोडवर पण 35 डिग्री गॅरंटी". दीड वर्षापूर्वी हेच मला आलेलं. तेव्हा लाजेपोटी मी कुणालाच काही सांगितलं नव्हतं, कोण विचारलं की चाललंय की मस्त म्हणून विषय बदलायचो, पण आता ते पोरगं पैसे भरायच्या तयारीत आहे म्हणल्यावर सगळं लिहूनच टाकतो. काम करणाऱ्या माणसाचं नाव टाकत नाही, तक्रार चालू आहे.

मी सांगलीत विश्रामबागला राहतो, बिल्डर लोकांना थ्रीडी वॉकथ्रू करून देतो. घर दुसऱ्या मजल्यावर, वर डायरेक्ट स्लॅब, आणि आपल्याकडचा एप्रिल-मे काय असतो ते सांगायला नको, रात्री दहाला भिंतीला हात लावला तरी गरम लागते. मशीनमध्ये रायझन 9 5900एक्स प्रोसेसर आणि आरटीएक्स 3080 ग्राफिक्स कार्ड, म्हणजे एकटं कार्डच 320 वॅट खातं. रात्री रेंडर लावून झोपायचं म्हणलं तर फॅनचा असा आवाज की पलीकडच्या खोलीतनं आई ओरडायची, "ते विमान उतरव की रे आता!"

तर मग कस्टम लूपचं, म्हणजे पंपानं पाणी फिरवून चिपा गार करायच्या जोडणीचं, खूळ डोक्यात शिरलं. तीन महिने रोज रात्री व्हिडिओ बघून कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला सगळं आखलं होतं. वर 360 मिमीचा रॅडिएटर, पुढं 240 चा, पंप आणि टाकी एकत्र, चिपवर बसणारा, आतनं पाणी फिरणारा एक ब्लॉक प्रोसेसरला, एक कार्डला. सॉफ्ट ट्यूबच घ्यायची हे पक्कं, पहिल्याच वेळी हीट गननं हार्ड ट्यूब वाकवत बसायचा नाद नको. ट्यूब कुठनं कुठं न्यायची यावर लोक उगंच भांडतात, पाणी गोल फिरत असतं त्यामुळं क्रमानं डिग्री दोन डिग्रीचाच फरक पडतो, फक्त टाकीतनं पाणी सरळ पंपात उतरलं पाहिजे, पंप कोरडा चालता कामा नये. हे सगळं मला पाठ होतं. फिटिंगचा, म्हणजे ट्यूब जोडायच्या तुकड्यांचा, हिशेब मात्र करायला गेलो आणि डोळे पांढरे झाले, पाच पार्ट, प्रत्येकाला दोन म्हणजे दहा फिटिंग, वर पाणी काढायच्या ड्रेनचं वेगळं, आणि एकेक फिटिंग बघायला नटाएवढं पण किंमत बघितली तर घरच्यांना सांगायची सोय नाही.

दोन ठिकाणी विचारलं, सगळं धरून 80 ते 85 हजार. मग एका रीलवर हा माणूस दिसला. पुण्यात लूप करून देतो, सांगली-कोल्हापूरला पण येतो, सगळ्या सामानासकट 62 हजार, बसवून देणं फ्री. बोलायला एकदम गोड, पहिल्याच फोनला "दादा तुमचं काम म्हणजे माझं काम". मला वाटलं मधला दलाल नसंल म्हणून स्वस्त देतोय.

आता खरं सांगू का, त्या पहिल्या मेसेजमध्येच मला कळायला पाहिजे होतं. 35 डिग्री गॅरंटी! अरे रॅडिएटर हवेनं गार होतो, खोलीतली हवा जेवढी गरम त्याच्या खाली पाणी जाऊच शकत नाही, आणि पाण्यापेक्षा चिप आणखी गरम असणार. माझ्या खोलीत मेमध्ये हवाच 37-38 ला असते. मग लोडवर कार्ड 35 ला येणार कसं, आत बर्फाची लादी ठेवून? तीन महिने अभ्यास केलेला माणूस मी, तरी ते वाचलं आणि भारीच की म्हणलं. हाव सुटली की असंच होतं.

30 हजार ॲडव्हान्स यूपीआयनं टाकले. बिलाचं विचारलं तर म्हणला, बिल पाहिजे असंल तर 18 टक्के जीएसटी वर लागंल, कशाला दादा उगंच. मी पण म्हणलं बरोबर आहे, अकरा हजार वाचले. ते अकरा हजार नंतर मला किती महागात पडले ते पुढं येतंयच.

फेब्रुवारीत एका रविवारी तो गाडी घेऊन आला, बरोबर एक पोऱ्या. रॅडिएटर नुसते बबल रॅपमध्ये गुंडाळलेले, खोका नाही. विचारलं तर म्हणला कस्टम्सवाले खोके फोडतात ओ. कूलंट, म्हणजे आत फिरवायचं पाणी, बिनलेबलच्या बाटलीत, निळाशार, बघायला एकदम भारी. चार-पाच तासात काम उरकलं. लीक टेस्ट म्हणजे काय केलं तर मदरबोर्डचा मोठा 24 पिनचा कनेक्टर काढून जंपर लावून नुसता पंप चालवला, खाली टिश्यू पेपर पसरले आणि पंधरा मिनिटं बघितलं. खरं तर पाणी भरायच्या आधीच छोटा हातपंप आणि मीटर लावून अर्धा बार हवा भरायची आणि काटा हलतो का बघत बसायचं असतं. मी तसं बोललो तर हसला, म्हणला ते यूट्यूबवाल्यांचे चोचले. आईनं त्या दोघांना पोहे-चहा दिला, आणि जाताना मी स्वतःच्या हातानं भडंगाची दोन पाकिटं दिली. हे आठवलं की अजून जीव जळतो. 62 हजार गेले ते गेले, वर भडंग पण.

सुरुवातीला खरंच मस्त चाललं. आधी कार्ड 83 ला जायचं ते 58 ला आलं, आवाज बंद, आई खूश. मी दोन मित्रांना त्याचा नंबर पण दिला (देवाच्या दयेनं दोघांनी पण काम करून घेतलं नाही).

गणपतीच्या आसपास गडबड सुरू झाली. तेच रेंडर, तीच खोली, पाऊस पडून हवा उलट गार, तरी कार्ड 66, मग 74. टाकीतलं निळं पाणी गढूळ हिरवट दिसायला लागलं आणि तळाला पांढरं काहीतरी, दूध नासलं की कसं फुटकं फुटकं दिसतं तसं. फोन केला. म्हणला तुम्ही नळाचं पाणी टाकलं असणार, सांगलीचं पाणीच खराब. मी टाकीचं झाकण सुद्धा उघडलं नव्हतं! वाद घातला तर म्हणला बरं, सर्व्हिसिंग करावं लागंल, 9 हजार, निम्मे आधी टाका. आणि मी टाकले साडेचार हजार. हे घरी अजून माहीत नाही. त्यानंतर आज येतो उद्या येतो, आमच्यात एक मयत झालंय, गाडी बंद पडलीय, आणि एक दिवस डीपीच गायब. मला ब्लॉक केलेलं.

मग म्हणलं आता आपणच उघडायचं. पाणी काढलं, कार्डवरचा ब्लॉक सोडवला. त्याच्या आत तांब्याच्या बारीक बारीक झिरी असतात, कंगव्याच्या दातासारख्या पण त्याच्या कितीतरी बारीक, त्यातनंच पाणी जाऊन उष्णता उचलतं. त्या झिरीत निम्म्यापर्यंत पांढरट जेली बसलेली. बोटावर घेतली तर साबूदाण्याच्या खिरीसारखी बुळबुळीत. पाणी जाणार कुठनं? टूथब्रशनं घासून काढायला पूर्ण रविवार गेला. कार्ड वाचलं हेच नशीब.

नंतर रॅडिएटर नळाखाली धरून खळखळून धुतला तर त्यातनं पांढरी रेव आली. तांब्यातनं पांढरं कसं येईल, तिथं पहिल्यांदा डोक्यात आलं. मी काय केलं तर फ्रिजवरचं लोहचुंबक आणून लावलं. चिकटलं नाही, म्हणलं चला म्हणजे कॉपरच आहे. एवढा शहाणा मी, अॅल्युमिनियमला पण लोहचुंबक चिकटत नाही हे दहावीच्या पोराला पण माहीत असतं.

खरं कळलं ते आमच्या गल्लीत दर रविवारी येणाऱ्या भंगारवाल्याकडनं. जुने पेपर घालायला खाली गेलो होतो, रॅडिएटर हातात होता म्हणून सहज म्हणलं, काका तांब्याचा काय भाव चाललाय? त्यांनी रॅडिएटर घेतला, हातावर नुसता तोलला, वजनकाटा काढलाच नाही. मग खिशातनं कानस काढली आणि जिथं फिटिंग पिळून बसवतात त्या भोकाच्या आट्यांवर एकदा खर्रकन ओढली. काळ्या रंगाखालनं लख्ख पांढरं चकाकलं.

"ह्ये कुटलं तांबं ओ दादा, ह्ये हिंडालियम हाय."

झालं. हिंडालियम म्हणजे भांड्यांचं अॅल्युमिनियमच. पाच सेकंद लागले. तांबं किंवा पितळ असतं तर खाली लालसर नाहीतर पिवळं दिसलं असतं. आणि वजनाचं म्हणाल तर तांबं अॅल्युमिनियमपेक्षा तिपटीहून जड असतं, तेवढाच मोठा खरा तांब्याचा 360 हातात घेतला की मनगटाला कळतं. मी आयुष्यात खरा कधी हातात घेतलाच नव्हता, मग हलका आहे हे कळणार कसं?

आता हिंडालियम निघालं तर बिघडलं काय असं काहींना वाटेल. बिघडतं ते असं की तांबं आणि अॅल्युमिनियम एकाच पाण्यात आले की त्यांची बॅटरी तयार होते, शाळेत दोन धातूंच्या पट्ट्या आम्लात बुडवून दिवा लावायचो तोच प्रकार. त्यात मरतं ते अॅल्युमिनियम, हळूहळू विरघळत जातं आणि त्याचा पांढरा गाळ होऊन सगळीकडं फिरतो. आमची आजी चिंचेची आमटी हिंडालियमच्या पातेल्यात कधी ठेवू द्यायची नाही, भांडं खातंय ते म्हणायची, तिला हे सगळं आधीच माहीत होतं. त्या माणसाला मी दुसऱ्या नंबरवरनं फोन करून हे ऐकवलं तर त्याचं उत्तर तयार होतं, कंपनीच्या रेडिमेड एआयओमध्ये (म्हणजे सगळं जोडून सीलबंद येणाऱ्या कूलरमध्ये) पण रॅडिएटर अॅल्युमिनियमचा आणि प्लेट तांब्याचीच असते की! ते खरं आहे बरं का. बऱ्याच एआयओत तसंच असतं. पण तिथं गंज थांबवणारं केमिकल मापात घालून फॅक्टरीतच सील करून देतात. आणि पूर्ण अॅल्युमिनियमचा लूप केला तरी चालतो, फक्त मग ब्लॉक पण अॅल्युमिनियमचेच पाहिजेत. माझ्यात ब्लॉक तांब्याचे, रॅडिएटर हिंडालियमचे आणि पाणी म्हणजे...

पाण्याचं पण सांगतो. टॉप-अपसाठी म्हणून त्यानं अर्धा लिटरची बाटली दिलेली, "जर्मन" कूलंटची. ती माळ्यावर तशीच होती. उघडली तर तळ्यातल्या शेवाळासारखा वास आणि तळाला तार धरलेली. बोट बुडवलं तर दोन दिवस बोट निळं, लहानपणी बर्फाचा गोळा खाल्ल्यावर जीभ व्हायची तसं. खायचा रंग होता हे मी सिद्ध करू शकत नाही, पण शेवाळ धरू नये आणि गंज चढू नये म्हणूनच कूलंटमध्ये औषध असतं, ते त्यात होतं असं मला कुणी शपथेवर सांगितलं तरी पटणार नाही. साधं डिस्टिल्ड वॉटर आणून त्यात नीट लेबल असलेलं कूलंटचं कॉन्सन्ट्रेट घातलं असतं तरी चाललं असतं.

त्या तासगावच्या पोराला मी हे सांगितलंय. सामान कुणाकडनं पण घे पण सीलबंद खोक्यात मागव, मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या साईटवर वजन बघ आणि किराणा दुकानाच्या काट्यावर तोलून बघ. फिटिंगच्या आट्यात कानस ओढून बघू का असं विक्रेत्याला तोंडावर विचार, खरा असंल तर हो म्हणंल. कार्डचा ब्लॉक घेताना नुसतं 3080 बघून घेऊ नको, कुठल्या कंपनीचं कुठलं मॉडेल ते बघ, आतलं सर्किट बोर्ड वेगळं असलं की ब्लॉक बसतच नाही. आणि बिल घेतल्याशिवाय एक रुपया सोडू नको.

बिलाचं एवढं का म्हणतो ते ऐका. मी पहिला 1930 ला फोन लावणार होतो, पण तो ऑनलाइन पैसे लंपास झाले तर लगेच लावायचा नंबर आहे. माझ्याकडं वस्तू आलेली, फक्त सांगितली एक आणि दिली दुसरीच. मग 1915 ला, म्हणजे ग्राहक हेल्पलाइनला विचारलं आणि एका वकील मित्राच्या मदतीनं जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली. 2019 च्या कायद्यानं आपण जिथं राहतो तिथंच तक्रार करता येते, म्हणजे पुण्याला खेपा नाहीत, आणि 5 लाखापर्यंतच्या व्यवहाराला फी पण नाही. मुदत दोन वर्षांची. बिल न देणं हाच त्या कायद्यात अनुचित व्यापार धरलाय, हे ऐकून जरा बरं वाटलं. पण बिल नसल्यामुळं आता "फुल कॉपर" असं त्यानं कबूल केलेलं दाखवायला माझ्याकडं फक्त व्हॉट्सॲपचे मेसेज आणि यूपीआयच्या नोंदी. नशिबानं चॅट डिलीट केलं नव्हतं. वकील मित्र म्हणला व्हॉइस कॉलवरचं सगळं वाऱ्यावर गेलं, लिहिलेलं तेवढंच आपलं. एक तारीख झाली, तो आला नाही.

सध्या प्रोसेसरवर साधा टॉवर कूलर, कार्डवर त्याचे मूळचे फॅन परत बसवलेत. विमान परत उडायला लागलंय, आईनं खोली बदलली.

आणि तो रॅडिएटर पुरावा म्हणून पोत्यात बांधून जिन्याखाली ठेवलाय. भंगारवाले काका दर रविवारी गाडा थांबवून वर बघून हाक मारतात, "दादा, त्ये हिंडालियम काढायचं का न्हाई अजून?"